कोरडं तोंड, आखडलेली कंबर

तांदळाच्या भाकरीचा तुकडा तोंडात घोळतो आहे, पण पाण्याचा घोट घेतल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. पालघरच्या घरात पन्नाशीच्या बाईला असं होऊ लागलं की सगळे म्हणतात, "उष्णता वाढलीय." मग सब्जा होतो, ताक होतं. तारापूर एमआयडीसीत कामाला जाणारा तिचा पुतण्या पहाटे तीनला कंबर धरते म्हणून अंथरुणातून उठतो आणि ओटीवर फेऱ्या मारतो. त्याच्या दुखण्याला "मणक्यात गॅप" हे नाव मिळतं. दोन्ही नावं घाईची आहेत, आणि त्या घाईत वर्षं वाया जातात.

आधी कंबरेचं बघू. ड्रम आणि गोणी उचलणाऱ्यांची कंबर दुखतेच, आणि बहुतेकांची स्नायूंच्या ताणाने किंवा चकतीच्या झिजेने. 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्यातला मोठा भाग साध्या दुखण्यांचा होता. मणक्याचा दाहक संधिवात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आणि त्याचे भाऊबंद, या गर्दीत हरवतो. त्याची चाल मात्र वेगळी असते. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होतो. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडतो. कधी उजवा कुल्ला दुखतो, कधी डावा. पडून राहिलं की वाढतो, हिंडलं-फिरलं की सुटतो. अशा माणसाला महिनाभर झोपून राहायला सांगणं हा उलटा सल्ला आहे.

रात्रपाळीवाल्याचं आणखी एक आहे. डॉक्टर विचारतात, "सकाळी अंग आखडतं का?" तो नाही म्हणतो, कारण सकाळी तो कंपनीतून चालत घरी येत असतो. त्याची सकाळ दुपारी तीनला होते. झोपून उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर ताठ राहते का, असा प्रश्न विचारायला हवा. आणि एक्स-रे चांगला आला म्हणजे काही नाही, असंही नाही. कंबरेखालच्या सांध्यातले बदल एक्स-रेत दिसायला काही वर्षं जातात, एमआरआयमध्ये ते आधी कळू शकतात. हा पुरुषांचाच आजार आहे, ही समजूतही चुकीची. बायकांना तो होतो, फक्त त्यांचं निदान आणखी उशिरा होतं.

आता कोरडेपणा. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 मध्ये ज्याचं सविस्तर वर्णन केलं, त्या शोग्रेन आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते. दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, हिरडीलगत दात भराभर किडतात, कानाखाली गाल सुजतो. तपासणी अगदी साधी आहे: खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी अडकवायची, पाच मिनिटं थांबायचं. पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पुढे रक्तातली अँटीबॉडी, आणि गरज पडली तर ओठाच्या आतल्या ग्रंथीचा तुकडा तपासतात. वयाने, मधुमेहाने, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. जुन्या कंबरदुखीसाठी रात्री दिली जाणारी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची गोळी तर हमखास तोंड सुकवते. ते शोग्रेन नव्हे.

मग या दोहोंचं नातं काय? "दोन्ही ऑटोइम्यून, म्हणजे एकच" असं ऐकायला मिळतं. तसं नाही. शोग्रेनमध्ये रक्तात अँटीबॉडी सापडतात, आणि त्याची सोबत जास्त करून आमवाताशी किंवा ल्युपसशी असते. सांधे दुखले तर बहुधा हाताचे, मनगटाचे. मणक्याच्या आजारात अशा अँटीबॉडी सहसा नसतात. तिथे दाह स्नायुबंध हाडाला चिकटतात त्या जागी असतो आणि एचएलए-बी27 या जनुकाचा धागा असतो. तरी एकाच रुग्णात दोन्ही आढळल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, म्हणून "एक आहे म्हणजे दुसरा नाहीच" हेही खरं नाही.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, ती मला मोलाची वाटते. शोग्रेन मूत्रपिंडाच्या नलिकांनाही धरू शकतो. रक्तात आम्ल साचतं, पोटॅशियम उतरतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हाडं मऊ पडतात. मग कंबर, कुल्ले, मांड्या दुखतात. हे दुखणं मणक्याच्या संधिवातासारखं वाटू शकतं, पण त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. कोरडेपणाबरोबर हाडं दुखत असतील, पाय लुळे पडल्यासारखे होत असतील, तर पोटॅशियम आणि बायकार्बोनेट तपासून घ्यावं.

पुन्हा मणक्याकडे: तपासणीत एचएलए-बी27 पॉझिटिव्ह आलं म्हणजे रोग झाला असं नाही. ते जनुक असलेल्या शंभरातल्या मोजक्यांनाच आजार होतो.

"एमआयडीसीच्या हवेने झालं," हे आमच्या भागात सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्यामागचा राग रास्त आहे: 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होतं. वाफांनी, धुराने डोळे चुरचुरतात, कोरडे होतात, यात शंका नाही. पण ती चुरचुर जागेवरून दूर गेल्यावर कमी होते, आणि तिच्यात अँटीबॉडी नसतात. 1969 पासून अणुवीज केंद्र शेजारी आहे म्हणून लोक किरणोत्सर्गाचंही नाव घेतात. किरणांनी लाळग्रंथी खराब होतात त्या डोक्या-मानेच्या कर्करोगाला दिलेल्या मोठ्या मात्रेच्या रेडिएशनमध्ये. हवेविरुद्ध लढाच, पण तिच्या नावावर निदान थांबवू नका.

औषधं एकमेकांची जागा घेत नाहीत. टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं मणक्यावर चांगलं काम करतात, पण शोग्रेनच्या चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही. शोग्रेनमध्ये दिली जाणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मणक्याला काही करत नाही. आणि टीएनएफची इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण आपल्याकडे दबून बसलेला टीबी त्यांनी उसळू शकतो.

शेवटी डोळा. कोरडा डोळा बहुधा दोन्ही बाजूंना खुपतो. मणक्याच्या आजारात मात्र एकच डोळा अचानक लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही. हा आतला दाह आहे. मेडिकलमधून थेंब आणून वाट बघायची नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचे, आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांगायचं: डॉक्टर, माझी कंबरही पहाटे धरते.