तेरा भागांची नोकरी

ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली ९ डिसेंबर १९६० रोजी. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा कंपनीने सुरुवातीला मंजूर केले होते फक्त १३ भाग. मालिकेचा जनक टोनी वॉरन २४ वर्षांचा होता. केन बार्लो या कॉलेजकुमाराचं काम करणारे विल्यम रोच २८ वर्षांचे होते, सैन्यातून कॅप्टन होऊन बाहेर पडलेले. ७ फेब्रुवारी २०२० रोजी मालिकेचा १०,०००वा भाग झाला, तेव्हा पहिल्या भागातल्या कलाकारांपैकी मालिकेत उरलेले रोच एकटेच होते.

आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ ३,२०० भाग चालली तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला होता. हे त्याच्या तिपटीहून जास्त. भाग अर्ध्या तासाचा धरला तर दहा हजारांचे होतात ५,००० तास. १ जानेवारीला टीव्हीसमोर बसायचं, झोपायचं नाही, उठायचं नाही. जुलै संपत आला की सुटका. जाहिराती गाळल्या तरी पाच महिने कुठे जात नाहीत.

वय वाढलं की कामाचा बोजा हलका होतो, असा रिवाज. इथे उलटंच झालं. सुरुवातीला आठवड्याला दोन भाग होते. १९८९मध्ये तीन झाले, १९९६मध्ये चार, २००२मध्ये पाच आणि २०१७मध्ये सहा. त्या वर्षी रोच ८५ वर्षांचे होते. प्रत्येक भागात केन नसतो हे खरं, पण मालिकेचा वेग तिप्पट झाला तो त्यांच्या उतारवयातच.

आणि गंमत अशी, की केन हा मुळात कोरोनेशन स्ट्रीट या गल्लीतून बाहेर पडू पाहणारा मुलगा. पहिल्याच भागात जेवणाच्या टेबलावरची सॉसची बाटली पाहून तो नाक मुरडतो आणि बापाचे बोल खातो. पुढे त्याची मैत्रीण सुझन कनिंगहॅम घरी येते, तर बैठकीच्या खोलीत सायकलची दुरुस्ती चाललेली! शिकलेल्या पोराला मेल्याहून मेल्यासारखं होतं. या प्रसंगाचं पुढचं टोक प्रेक्षकांना दिसलं ते ५० वर्षांनी. २०१०मध्ये केनला कळलं, की सुझनपासून आपल्याला एक मुलगा आहे. तो मुलगा झाला रोच यांचा खरा मुलगा लायनस आणि नातू झाला त्यांचा दुसरा मुलगा जेम्स.

दरम्यान केनची चार लग्नं झाली, बायका मात्र तीनच. डियड्रीशी त्याने दोनदा लग्न केलं. १९८३मध्ये ती दुसऱ्याच्या नादी लागली आणि मग केनकडे परतली. ही बातमी त्याच रात्री ओल्ड ट्रॅफर्डच्या धावफलकावर झळकली. मँचेस्टर युनायटेडचा सामना बघायला आलेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांना गोलांच्या जोडीने केनच्या संसाराचाही निकाल कळला.

एवढं करूनही एकाच मालिकेत सर्वाधिक काळ काम करण्याचा विक्रम रोच यांच्या पदरात पडायला अर्धशतक गेलं. कारण अमेरिकेत ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये डॉन हेस्टिंग्ज हे नट रोच यांच्या काही आठवडेच आधी, १९६०च्या ऑक्टोबरात, रुजू झाले होते आणि तेही हटायला तयार नव्हते. सप्टेंबर २०१०मध्ये ती मालिकाच बंद पडली, तेव्हा कुठे गिनीज बुकाने रोच यांचं नाव घातलं. हॅरॉल्ड मॅकमिलनपासून कीर स्टार्मरपर्यंत १५ जण ब्रिटनचे पंतप्रधान झाले; केन बार्लो बदलला नाही.

हा विक्रम मोडायला नुसती चिकाटी पुरायची नाही. आज पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या नटाला नव्वदी ओलांडून २०९० साल गाठावं लागेल. शिवाय तोवर त्याची मालिका टिकली पाहिजे, वाहिनी टिकली पाहिजे आणि रोज संध्याकाळी टीव्ही लावणारी माणसंही टिकली पाहिजेत. यातली पहिली अट एखादा पुरी करेलही. बाकीच्या तीन त्याच्या हातात नाहीत.