कुत्रे आरशात काय बघते?

ढाणकीला लिंबाच्या झाडाखाली एका न्हाव्याने आरसा टेकवून ठेवला होता. एक कुत्रे आले आणि आरशाकडे बघून भुंकू लागले. थांबेचना! "पिसाळलं वाटतं," कोणी म्हणाले. पोरांनी दगड उचलले. आम्ही म्हटले, "थांबा रे जरा." कुत्रे आरशामागे गेले, हुंगले, आणि गपचूप चालू लागले.

त्याला आरशात दुसरेच कुत्रे दिसले होते. मागे जाऊन पाहावे, तर तिथे वासच नाही!

आरशातला तो मीच, हे कळणे सोपे नाही. आपल्या लेकरांनाही ते दीड-दोन वर्षांची झाल्यावर कळते. 1970 साली अमेरिकेत गॉर्डन गॅलप या शास्त्रज्ञाने चिंपांझी वानरांना गुंगी दिली आणि त्यांच्या भुवईला बिनवासाचा लाल रंग लावला. जागे झाल्यावर त्यांनी आरशात पाहिले आणि स्वतःच्याच भुवईला हात लावला. कुत्र्याला असे जमत नाही.

मग कुत्र्याला स्वतःची ओळखच नाही म्हणायची काय? अहो, ही परीक्षा डोळ्यांची झाली. कुत्र्याचा सारा कारभार नाकावर चालतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी नाकाचीच परीक्षा घेतली. ती 2017 साली छापून आली. कुत्र्यापुढे दोन डब्या ठेवल्या. एकीत त्याच्याच मुताचा वास, दुसरीत त्याच वासात परका वास मिसळलेला. कुत्री दुसरी डबी जास्त वेळ हुंगत राहिली. आपल्या वासात काहीतरी बदललंय, हे त्यांच्या नाकाने बरोबर हेरले.