मेंदूचा पहारा आणि पिंपळी

मिरी चावली की जीभ झणझणते. हा तिखटपणा पायपरिन या पदार्थाचा. १८१९ साली मिऱ्यांतून तो प्रथम वेगळा केला हान्स ख्रिस्तियन अर्स्टेड यांनी. होय, विद्युत्प्रवाहाने होकायंत्राची सुई वळते हे पुढच्याच वर्षी दाखवणारे तेच अर्स्टेड! आमच्या भौतिकीच्या पुस्तकांत मात्र मिऱ्यांचा उल्लेख नसतो.

आता एक वेगळाच प्रयोग पाहा. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. सारी इंद्रिये रंगली, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला रंग चढतच नसेल काय? १९१३ साली त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे! म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पहारा आहे.

मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. स्निग्ध पदार्थात विरघळणारे लहान रेणू पेशींतून पलीकडे जाऊ शकतात. पण तेथे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप बसलेला असतो. तो कित्येक औषधे पुन्हा रक्तात फेकतो. आपल्या नगरकडच्या विहिरीचे उदाहरण घ्या. झरे वाहत असले तरी मोटर त्याहून जोरात उपसत असेल तर पाणी साठेल कसे? क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरले म्हणजे हीच अडचण येते. रिफॅम्पिसिन हे प्रभावी औषध तेथे फार थोडे पोचते.

आयुर्वेदातील अनेक पाठांत सुंठ, मिरी व पिंपळी असतात. ती कशासाठी, याचा शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल यांनी १९७९ च्या सुमारास घेतला. मिरी व पिंपळीतील पायपरिनमुळे इतर औषधे रक्तात अधिक प्रमाणात उतरतात, असे आढळले. पायपरिन या पंपाला आणि औषधे मोडणाऱ्या एका विकराला अडवते, हे २००२ साली पेशींवरील प्रयोगांत दिसले. २००९ साली भारतात क्षयावरची एक गोळी आली. तिच्यात ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन आणि जोडीला १० मिलिग्रॅम पायपरिन असते.

हा लाभ आतड्यातला. तसाच पंप मेंदूच्या दारातही आहे, म्हणून संशोधकांची आशा वाढली; पण तेथले प्रयोग अजून बहुतांशी प्राण्यांवर व पेशींवरच चालले आहेत. शिवाय तो पंप विषेही बाहेर फेकतो! काष्ठौषधीच्या दुकानातून पिंपळी आणून कोणी फिटच्या गोळीबरोबर घेऊ नये. पायपरिनने फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण वाढते, आणि ते मर्यादेबाहेर गेले की रोग्याचा तोल जातो, डोळे भिरभिरू लागतात.