सीटीतलं आयोडीन आणि शेकाचं गणित

चेन्नईत एग्मोर स्टेशनासमोर केनेट लेनमध्ये लॉजची रांगच आहे. उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेल्यांनाही तिथे खोली मिळते. शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होण्याआधी रुग्णाचा प्लॅनिंग सीटी होतो. त्यात अनेकदा शिरेतून आयोडीन असलेला कॉन्ट्रास्ट देतात, आणि मग घरच्यांना जी धास्ती वाटते ती एग्मोरला असो की सांगलीला, सारखीच असते: अंगात आयोडीन असताना शेक दिला तर तो जास्त लागेल ना?

नाही लागणार. हा कॉन्ट्रास्ट किरणोत्सर्गी नसतो. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर साधारण दोन तासांत त्यातला निम्मा लघवीवाटे निघून जातो आणि एका दिवसात जवळपास सगळाच. शेक सुरू होतो तो बहुधा काही दिवसांनी.

पण ही शंका अगदीच निराधार नाही, आणि ती झटकून टाकणाऱ्यांचं मला पटत नाही. कॉन्ट्रास्ट शरीरातून जातो, तरी सीटीच्या चित्रात राहतो. शेकाचा हिशेब कॉम्प्युटर त्या चित्रावरूनच करतो.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड एकक. पाणी ०, हवा उणे १०००, स्नायू ५० च्या आसपास. या आकड्यावरून कॉम्प्युटर त्या जागेची घनता ठरवतो आणि किरण तिथे किती अडतील ते काढतो. आयोडीन इथेच घोळ घालतं. एक मिलिलिटर रक्तात जेमतेम १० मिलिग्रॅम आयोडीन मिसळलं, तर १२० किलोव्होल्टच्या सीटीत आकडा सुमारे २५० ने चढतो. रक्ताची घनता मात्र जवळजवळ तेवढीच राहते. सीटीचे किरण कमी ऊर्जेचे असतात, आणि आयोडीनसारखे जड अणू ते मोठ्या प्रमाणात शोषतात. उपचाराच्या यंत्रातले किरण कितीतरी जास्त ऊर्जेचे. त्यांना अणू जड की हलका याने फारसा फरक पडत नाही, वाटेत इलेक्ट्रॉन किती दाटीने आहेत एवढंच मोजलं जातं. म्हणून कॉम्प्युटर रक्तवाहिनीला हाड समजतो, किरण तिथे जास्त अडतील असं धरतो आणि भरपाई म्हणून मात्रा किंचित वाढवतो. प्रत्यक्षात वाटेत हाड नसतंच, त्यामुळे गाठीला ठरल्यापेक्षा थोडी जास्त मात्रा पोहोचते.

थोडी म्हणजे किती? नेहमीच्या एक्स-रे किरणांत बहुतेक वेळा साधारण १ ते २ टक्क्यांच्या आत. मानेतल्या वाहिन्या बारीक, तिथे फरक नगण्य. आतड्यात किंवा मूत्राशयात दाट कॉन्ट्रास्ट साठला असेल तर तो वाढतो. प्रोटॉन उपचारात मात्र ही चूक गांभीर्याने घ्यावी लागते, कारण प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात. घनता खोटी धरली तर ते काही मिलिमीटर पुढे, निरोगी भागात जाऊ शकतात. चेन्नईत २०१९ पासून अपोलोचं प्रोटॉन केंद्र आहे, टाटा स्मारकाचं खारघरला. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांना हा हिशेब काटेकोरपणेच करावा लागतो.

मग कॉन्ट्रास्ट देतातच कशाला, असा पुढचा प्रश्न येतो. तो डॉक्टरांच्या नजरेसाठी असतो. गाठ कुठे संपते आणि वाहिनी कुठे सुरू होते, हे साध्या सीटीत अनेकदा कळत नाही. गाठीची कड चुकीची आखली तर होणारं नुकसान त्या एक-दोन टक्क्यांपेक्षा फार मोठं असतं.

त्यावर तोडगाही साधा आहे. रुग्ण सपाट टेबलावर झोपलेला असतानाच आधी कॉन्ट्रास्टशिवाय सीटी काढतात आणि न हलवता लगेच कॉन्ट्रास्ट देऊन दुसरा. दुसऱ्यावर गाठ आखायची, पहिल्यावर मात्रा मोजायची. एकच सीटी असेल तर उजळलेल्या भागाला पाण्याची किंवा रक्ताची घनता हाताने नेमून देतात. ‘एकाच वेळी दोनदा सीटी म्हणजे बिल वाढवायचा डाव’ असं कुणी म्हणालं, तर हे कारण त्यांना जरूर सांगावं.

सीटीच्या गणितात चेन्नईचाही वाटा आहे. मद्रास विद्यापीठात दोन दशकांच्या आसपास काम केलेले जी. एन. रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत १९७१ मध्ये मांडलेली पद्धत पुढे सीटीची चित्रं तयार करण्यासाठी जगभर वापरली गेली. त्याच वर्षी लंडनमध्ये, ज्यांच्या नावाचं एकक वर आलं त्या हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी झाला.

किनाऱ्यावरच्या लोकांत आणखी एक समज पक्का आहे: कोळंबी सोसत नसेल तर आयोडीनही सोसणार नाही. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. तेवढ्यासाठी कॉन्ट्रास्ट नाकारायचं कारण नाही. सांगायलाच हवं ते वेगळं: मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं आहे का, मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे का, आणि मुख्य म्हणजे आधी कधी कॉन्ट्रास्ट घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली होती का. अशा रुग्णाला आधी औषध देऊन वेगळा कॉन्ट्रास्ट वापरता येतो, किंवा साध्या सीटीवर एमआरआय जुळवून गाठ आखता येते.