आज्ञावलीचा वेग आणि स्मृतीचा खर्च

सी भाषेतील आज्ञावली चालविण्यापूर्वीच संपूर्णपणे यंत्रभाषेत उतरविली जाते. जावा भाषेतील आज्ञावलीचे रूपांतर मात्र प्रथम एका मध्यस्थ संकेतावलीत होते व ती चालविण्याचे काम आभासी यंत्राकडे असते. साहजिकच दुसरी पद्धत मंद असली पाहिजे, असा समज १९९५ साली जावा प्रसिद्ध झाली तेव्हापासून रूढ आहे. आरंभी तो यथार्थही होता. आभासी यंत्र त्या काळी एकेक आज्ञा वाचून तिचा अर्थ लावीत असे.

१९९९ मध्ये आलेले हॉटस्पॉट हे आभासी यंत्र आज्ञावलीचा कोणता भाग पुनःपुन्हा चालतो यावर लक्ष ठेवते आणि तेवढाच भाग, काम चालू असतानाच, यंत्रभाषेत उतरविते. त्यात ते प्रत्यक्ष अनुभवावरून काही तर्क करते. तर्क चुकला तर तो अनुवाद रद्द करून मूळ संकेतावलीकडे परतते. आधीच अनुवाद करणाऱ्या कंपायलरला हा अनुभव सहसा उपलब्ध नसतो. दीर्घकाळ चालणाऱ्या गणनेत त्यामुळे दोन्ही पद्धतींतील अंतर पुष्कळ घटले. क्षणात संपणाऱ्या आज्ञावलीला मात्र याचा लाभ होत नाही.

खरा खर्च अन्यत्र आहे, आणि वेगाच्या वादात तो बहुधा दृष्टीआड होतो. सी भाषेत निरुपयोगी झालेली स्मृती लेखक स्वतः मोकळी करतो. जावामध्ये ते काम गार्बेज कलेक्टरकडे असते. ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी मांडली. कलेक्टर दर फेरीत जिवंत वस्तूंचा माग काढतो. मोकळी जागा जितकी अधिक, तितक्या फेऱ्या कमी. म्हणजे येथे वेग स्मृती देऊन विकत घ्यावा लागतो.

हा भाव किती, हे मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्गर यांनी २००५ साली मोजले. त्यांनी त्याच जावा आज्ञावल्या दोन्ही रीतींनी चालविल्या, त्यामुळे भाषाभेदाचा प्रश्न उरला नाही. पाचपट स्मृती दिली असता उत्तम कलेक्टर स्वहस्ते मोकळीक देण्याच्या पद्धतीची बरोबरी करी. तिप्पट स्मृतीत तो सरासरीने १७ टक्के, तर दुप्पट स्मृतीत जवळजवळ ७० टक्के मागे पडे. मोठ्या संगणककेंद्रात पाचपट स्मृती देता येईलही. खिशातील दूरध्वनीत ती चैन परवडत नाही.

फेरी चालू असता मूळ काम थांबते, ही दुसरी अडचण. २०२० पासून नित्य वापरास योग्य ठरलेला झेडजीसी हा कलेक्टर बहुतेक सर्व काम आज्ञावलीच्या जोडीनेच उरकतो. विराम त्यामुळे अत्यल्प झाले आहेत, पण त्यासाठीही प्रक्रियकाचा काही वेळ आणि आणखी स्मृती खर्ची पडते.