डिस्क वाढवल्या, तरी फाइल अडते कुठे?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात हवामान खात्याचा अंदाज बघून कुणी छत्री घेऊन निघतं, तेव्हा त्यामागच्या गणिताचा मोठा वाटा पुण्यात पार पडलेला असतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ महासंगणक आला: वेग ११.७७ पेटाफ्लॉप्स, साठवण ३३ पेटाबाइट. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिमने अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आणली. चौकटीची बाजू निम्मी झाली की बिंदू चौपट होतात आणि डिस्कवर लिहायचा डेटाही तसाच फुगतो. मशीन ‘अर्क’एवढं असो की कॉलेजातलं दहा नोडचं क्लस्टर, डेटा लिहिण्या-वाचण्याबद्दलचे गैरसमज तेच आढळतात.

गैरसमज: डिस्क वाढवल्या की वेग वाढतो.

छत्तीसगडमधल्या धान खरेदी केंद्राचं चित्र डोळ्यांपुढे आणा. दहा काटे मांडले, पण नोंदवही एकाच मुनशीकडे असेल, तर रांग नोंदवहीपाशीच लागते. लस्टरसारख्या समांतर फाइल प्रणालीत फाइलचं नाव, परवानगी आणि ठिकाण मेटाडेटा सर्व्हर सांभाळतो; डेटा वेगळ्या सर्व्हरांवरच्या भांडारांत असतो. समजा, ४ किलोबाइटच्या दहा लाख फाइली आहेत. सगळा डेटा जेमतेम ४ गिगाबाइट, पण दहा लाख वेळा नोंदवही उघडावी लागते. तोच डेटा एका मोठ्या फाइलमध्ये बांधला, तर काम सेकंदांत उरकतं.

मोठ्या फाइलचीही एक गोम आहे. लस्टरमध्ये मुद्दाम सांगितलं नाही, तर बहुतेक वेळा अख्खी फाइल एकाच भांडारावर जाते आणि बाकीची रिकामी बसतात. ‘एलएफएस सेटस्ट्राइप’ या आज्ञेने तिचे पट्टे पाडून ते अनेक भांडारांवर पसरवता येतात. मात्र छोट्या फाइलींना हा उपाय लावू नये. उगाच प्रत्येक भांडाराचं दार ठोठावावं लागतं.

गैरसमज: सगळ्या प्रक्रियांनी एकाच फाइलमध्ये लिहिलं की झालं समांतर.

इथे सर्वाधिक वेळ वाया जातो, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कारण विद्यार्थी मशीनला दोष देत दिवसच्या दिवस थांबून राहतात. हजार प्रक्रिया आपापल्या शंभर-शंभर बाइटच्या ओळी एकमेकींच्या मधे लिहू लागल्या, की फाइलच्या त्याच भागाचं कुलूप या हातातून त्या हातात फिरत राहतं. लिहिणं कमी, कुलपाची वाट बघणंच जास्त. समांतर वाचन-लेखनासाठीच्या एमपीआय-आयओमधलं सामूहिक लेखन इथे कामी येतं: आधी प्रक्रिया आपसात डेटाची देवाणघेवाण करतात, मग निवडक प्रक्रिया सलग मोठे तुकडे लिहितात. नेटवर्कवरची ही जास्तीची फेरी त्या कुलपाच्या रांगेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. समांतर नेटसीडीएफ आणि एचडीएफ५ या लायब्रऱ्यांत ही सोय आहे, पण प्रोग्राममध्ये ती मागून घ्यावी लागते.

साध्या डिस्कऐवजी एसएसडी लावली, तर विखुरलेलं वाचन नक्कीच झपाट्याने होतं, पण कुलपाची रांग तिथेही तशीच लागते.

वेगाच्या चाचणीतही फसगत होते. दुसऱ्यांदा वाचताना वेग एकदम वाढलेला दिसतो, कारण फाइल डिस्कवरून न येता रॅममधून येते. म्हणून चाचणीची फाइल नोडच्या रॅमपेक्षा मोठी घ्या, आणि ज्या नोडने लिहिली त्याच नोडला ती वाचायला देऊ नका.