प्रश्नमंजूषेंतील फजिती

पृथ्वीभोंवतीं कोण फिरतें, असा प्रश्न प्राथमिक शाळेंतील मुलास विचारला, तर यांत कांहीं फसवणूक तर नाहीं ना, या शंकेनें तें मूल आधीं विचारणाराच्या तोंडाकडे पाहील. या शतकाच्या पहिल्या दशकांत फ्रान्समधील दूरचित्रवाणीच्या एका लोकप्रिय प्रश्नमंजूषेंत हाच प्रश्न एका प्रौढ गृहस्थांस विचारण्यांत आला. चंद्र, सूर्य, मंगळ आणि शुक्र असे चार पर्याय पडद्यावर होते. गृहस्थ विचारांत पडले. खेळाच्या नियमानुसार सभागृहांतील प्रेक्षकांचा कौल मागण्याची एक सवलत त्यांच्या हातीं होती. ती त्यांनीं वापरली. शेंकडा ५६ प्रेक्षकांनीं सूर्यास मत दिलें, शेंकडा ४२ जणांनीं चंद्रास, आणि उरलेलीं शेंकडा दोन मतें मंगळाच्या वांट्यास गेलीं. गृहस्थांनीं बहुमताचा मान राखून सूर्याचें नांव घेतलें आणि त्यांचा खेळ तेथेंच संपला. कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन त्या वेळीं साडेचारशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

हा प्रसंग सांगणारे बहुतेक लोक येथें हसून थांबतात. परंतु खरी गंमत यापुढें आहे. कित्येकांचें म्हणणें असें कीं, प्रेक्षकांनीं मुद्दामच खोटा कौल दिला. ज्यास इतकें सोपें उत्तर येत नाहीं, तो बक्षिसास पात्र नाहीं, असें त्यांनीं आपसांत न बोलतां ठरविलें. हा तर्क चटकदार आहे, पण त्याची फारशी गरज नाहीं. इ. स. २००५ मध्यें युरोपांतील अनेक देशांत घेतलेल्या एका पाहणींत सुमारें शेंकडा २९ लोकांनीं सूर्य पृथ्वीभोंवतीं फिरतो हें विधान खरें ठरविलें होतें. अमेरिकेंत २०१२ सालीं झालेल्या तशाच पाहणींत चौघांपैकीं एकाचें उत्तर चुकलें. मनुष्य शाळेंत शिकतो एक आणि रोज डोळ्यांनीं पाहतो दुसरें. सूर्य उगवला, सूर्य मावळला, असें सर्व जगाची भाषा अजून म्हणते. तेव्हां अडचणीच्या क्षणीं पुस्तक मागें पडून डोळा पुढें सरसावला, तर त्यांत फार नवल नाहीं.

शिवाय त्या गृहस्थांनीं केलें तें हिशेबानें बरोबरच होतें. याच खेळाच्या अमेरिकन आवृत्तीचा दाखला देऊन जेम्स सुरोविएकी या लेखकानें २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, स्पर्धकानें दूरध्वनीवरून एखाद्या जाणत्या मित्रास विचारलें असतां सुमारें शेंकडा ६५ वेळां बरोबर उत्तर मिळालें, उलट सभागृहांतील अनोळखी गर्दीस विचारलें असतां शेंकडा ९१ वेळां. जो मार्ग दहांतून नऊ वेळां पोंचवितो, त्याच मार्गानें हे गृहस्थ गेले, आणि नेमके दहाव्या वेळीं गेले.

अशा चुकांचा संग्रह करण्याचा छंद जुना आहे. लंडनच्या ‘प्रायव्हेट आय’ या विनोदी पाक्षिकांत तर दूरचित्रवाणीवर आणि नभोवाणीवर दिलेल्या चुकीच्या उत्तरांसाठीं एक स्वतंत्र सदरच आहे. ब्रिटनची बुद्धि किती मंद झाली आहे, अशा अर्थाचें त्याचें नांव. भारतांत २००० सालीं ‘कौन बनेगा करोडपति’ आणि २०१३ सालीं त्याची मराठी आवृत्ति सुरू झाल्यापासून हा आनंद घरोघर पोंचला आहे. प्रत्येक घरांत एक तरी काका असे असतात कीं, ज्यांस सारीं उत्तरें ठाऊक असतात. निदान तीं पडद्यावर उमटल्यानंतर तरी असतातच. स्पर्धक चुकला कीं काकांचा प्रश्न ठरलेला: ‘एवढें साधें कसें येत नाहीं?’ हा प्रश्न उपहासानें विचारला जातो, म्हणून त्याचें उत्तर कोणी शोधीत नाहीं. तें शोधण्याजोगें आहे.

त्यासाठीं प्रथम खुर्चीकडे पाहावें लागतें. बी.बी.सी.नें १९७२ सालीं ‘मास्टरमाइंड’ नांवाची प्रश्नमंजूषा सुरू केली. तिचा जनक बिल राइट हा दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदळांत गोलंदाज होता. तो जर्मनांच्या हातीं सांपडला आणि त्याची कसून उलटतपासणी झाली. युद्धकैद्यानें नांव, हुद्दा आणि क्रमांक एवढेंच सांगावयाचें असतें. पुढें खेळ रचतांना राइटनें तीच तपासणीची खोली डोळ्यांपुढें ठेविली. काळोख्या सभागृहांत एकच काळी खुर्ची, तिच्यावर प्रकाशाचा एकच झोत, समोर प्रश्नकर्ता. आणि नांव, हुद्दा व क्रमांक यांच्या जागीं नांव, व्यवसाय व निवडलेला विषय. आरंभीं वाजणाऱ्या संगीताचें नांवसुद्धां येऊं घातलेल्या संकटाचें सूचक आहे. म्हणजे माणसास घाबरविण्यासाठीं जी व्यवस्था युद्धांत सिद्ध झाली होती, ती येथें करमणुकीच्या कामीं आली. अशा खुर्चींत बसलेला मनुष्य घाबरतो याचें आश्चर्य करणें म्हणजे चुलीवर ठेवलेलें पाणी तापलें म्हणून आश्चर्य करण्यासारखें आहे.

या खुर्चींत २००९ च्या सुमारास डेव्हिड लॅमी हे ब्रिटिश राजकारणी बसले होते. कायद्याचें उच्च शिक्षण त्यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत घेतलेलें. किरणोत्सर्गावरील संशोधनाबद्दल १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या मारी व पियेर या दांपत्याचें आडनांव कोणतें, असा प्रश्न आला. लॅमी उत्तरले, ‘आंत्वानेत’. आठव्या हेन्रीच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांचा असतां इंग्लंडच्या गादीवर कोण आला, या प्रश्नास त्यांनीं उत्तर दिलें, ‘सातवा हेन्री’. म्हणजे बापाच्या मागून आजोबा! २०२४ सालीं ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हां वृत्तपत्रांनीं हीं उत्तरें पुन्हां उकरून काढलीं.

परंतु तीं उत्तरें नीट न्याहाळलीं तर त्यांत अज्ञानापेक्षां निराळेंच कांहीं दिसतें. मारी हें नांव ऐकतांच स्मृतीनें त्याच्या जोडीला नेहमीं येणारा शब्द पुढें केला, आणि तो शब्द फ्रान्सच्या अभागी राणीचा निघाला. आठवा हेन्री म्हणतांच शेजारचा आंकडा हातीं आला. ग्रंथालयांतील हुशार पण घाईचा शिपाई मागितलेल्या पुस्तकाऐवजीं त्याच्या शेजारचें पुस्तक काढून देतो, तसाच हा प्रकार. एरवीं मनुष्य तें पुस्तक उघडून पाहतो, चूक ओळखतो आणि परत पाठवितो. खुर्चींत बसलेल्या माणसाजवळ हें पाहण्यापुरताच वेळ नसतो. शिवाय या खेळांत ‘पुढचा प्रश्न’ असें म्हणण्याची मुभा असली, तरी बरोबरी झाल्यास असे सोडलेले प्रश्न मोजले जातात आणि कमी सोडणारा जिंकतो. तेव्हां गप्प राहण्यापेक्षां कांहीं तरी बोलून टाकावें, अशी वृत्ति होते. जानेवारी २०२० मध्यें एका इंग्रज नटीस ग्रेटा थुनबर्ग या स्वीडिश मुलीचें नांव विचारलें असतां तिनें ‘शॅरन’ असें ठोकून दिलें, तें अशाच घाईपोटीं. थुनबर्गनें मात्र ही गोष्ट फार खेळकरपणें घेतली. समाजमाध्यमावर तिनें कांहीं काळ आपलें नांवच शॅरन करून टाकलें.

कधीं स्मृति शेजारच्या खणांतही जात नाहीं, एकाच खणाशीं अडकून बसते. ‘फॅमिली फॉर्च्युन्स’ या ब्रिटिश खेळाचें सूत्रसंचालन मॅक्स बायग्रेव्हज करीत असतां एका स्पर्धकास विचारलें गेलें: समुद्रकिनाऱ्यावर जातांना लोक बरोबर काय नेतात? ‘टर्की’, तो म्हणाला. बाजारांत प्रथम काय विकत घेतात? ‘टर्की’. मसाला भरून शिजविण्याचा पदार्थ कोणता? ‘टर्की’. तिसऱ्या वेळीं हा पक्षी अखेर आपल्या योग्य जागीं पोंचला, पण तोंवर सारें सभागृह लोळत होतें. आणि कधीं कधीं चूक स्मृतीची नसून कानाची असते. याच जातीच्या अमेरिकन खेळांत, बाई गरोदर आहे हें कोणत्या महिन्यांत दिसूं लागतें, असें विचारतांच एका गृहस्थानें तत्परतेनें ‘सप्टेंबर’ असें सांगितलें. सूत्रसंचालक रिचर्ड डॉसन यांस हसूं आवरेना. प्रश्नांतील ‘महिना’ हा एकच शब्द त्या गृहस्थाच्या मनापर्यंत पोंचला होता. त्या शब्दापुरतें उत्तर बिनचूक आहे!

भीति नसलेल्या यंत्राचीही यांतून सुटका नाहीं. फेब्रुवारी २०११ मध्यें ‘जेपर्डी’ या अमेरिकन खेळांत आय.बी.एम. कंपनीचा ‘वॉटसन’ नांवाचा संगणक दोघां नामांकित विजेत्यांविरुद्ध उतरला. ‘अमेरिकेंतील शहरें’ या सदराखालीं असें शहर विचारलें होतें कीं, ज्याच्या सर्वांत मोठ्या विमानतळास दुसऱ्या महायुद्धांतील वीराचें आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळास त्या युद्धांतील लढाईचें नांव आहे. उत्तर शिकागो, दोन्ही माणसांनीं तें लिहिलें. वॉटसननें लिहिलें ‘टोरांटो’, आणि पुढें पांच प्रश्नचिन्हें घातलीं. टोरांटो हें प्रसिद्ध शहर कॅनडांत आहे. यंत्रास घाम फुटत नाहीं, लाज वाटत नाहीं. तरीही तें शेजारच्याच खणांत गेलें. एवढेंच कीं, त्याच्या चुकीस कोणी त्याच्या बुद्धीचें माप मानलें नाहीं. सामना तर त्यानें जिंकलाच.

माणसाच्या वांट्यास हें औदार्य कां येत नाहीं, याचा उलगडा स्टॅनफर्ड विद्यापीठांतील एका प्रयोगानें केला आहे. ली रॉस आणि त्यांच्या दोघी सहकारिणींनीं तो १९७७ सालीं प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडून, चिठ्ठी टाकावी तशा निव्वळ दैवयोगानें, एकास प्रश्नकर्ता आणि दुसऱ्यास स्पर्धक ठरविण्यांत आलें. प्रश्नकर्त्यानें स्वतःच्या माहितींतून अवघड असे दहा प्रश्न रचावयाचे होते. साहजिकच स्पर्धकांस त्यांपैकीं सुमारें चारांचींच उत्तरें देतां आलीं. नंतर दोघांच्या सामान्यज्ञानाबद्दल मत विचारलें, तेव्हां पाहणारांनीं प्रश्नकर्त्यास अधिक विद्वान ठरविलें. ही वांटणी दैवयोगानें झाली, हें त्यांस सांगितलेलें होतें. प्रश्नकर्ता ज्या विषयांत कच्चा असेल, तो विषय त्यानें काढलाच नाहीं, ही गोष्ट कोणाच्याच लक्षांत राहिली नाहीं. आणि यांतील खेदाचा भाग असा कीं, स्वतः स्पर्धकांनींही आपणांस कमी लेखलें. दूरचित्रवाणीवर हसणाऱ्या घरची मंडळी नकळत प्रश्नकर्त्याच्या बाकावर जाऊन बसलेलीं असतात.

पडद्यावर कोण विद्वान दिसावा आणि कोण बावळट, हें असें जागेवर ठरतें. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधीं वीस वर्षें एका निर्मात्यानें ओळखली होती. १९५६ सालीं अमेरिकेंत ‘ट्वेंटी-वन’ नांवाचा खेळ सुरू झाला. सैन्यांतील नोकरीनंतर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत शिकणारा हर्बर्ट स्टेम्पेल त्यांत आठवड्यामागून आठवडा जिंकत होता. त्याची स्मरणशक्ति खरोखर दांडगी होती; तरीही निर्माता डॅन एनराइट त्यास प्रश्न आणि उत्तरें आधींच पुरवीत असे. अंगास न बसणारा जुना कोट घालावा, केस सैनिकासारखे बारीक कापावे, कपाळावरचा घाम पुसूं नये तर रुमालानें नुसता टिपावा, असें सारें त्यास शिकविलें होतें. गरीब, ओबडधोबड विद्यार्थी असें त्याचें सोंग सजविलें गेलें. कांहीं आठवड्यांनीं प्रेक्षकांस नवा चेहरा हवा, असें ठरलें. कोलंबिया विद्यापीठांतील तरुण अध्यापक, नामवंत कवीचा मुलगा, देखणा चार्ल्स व्हॅन डोरेन तयार होता. स्टेम्पेलनें हरावयाचें होतें.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीं बंद कांचेच्या खोलींत उभ्या असलेल्या स्टेम्पेलला प्रश्न आला: १९५५ सालच्या उत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक कोणास मिळालें? उत्तर होतें ‘मार्टी’. हा चित्रपट त्याचा आवडता. त्यानें तो तीनदां पाहिला होता. हा एक प्रश्न तरी खरा सोडवूं द्या, अशी त्यानें विनवणी केली होती; ती मान्य झाली नाहीं. ठरल्याप्रमाणें त्यानें विचार केल्यासारखें केलें, कपाळ टिपलें आणि आदल्या वर्षींच्या विजेत्या चित्रपटाचें, ‘ऑन द वॉटरफ्रंट’चें नांव घेतलें. अमेरिकेंतील लक्षावधि घरांत त्या क्षणीं लोक म्हणाले असतील, ‘एवढें साधें कसें येत नाहीं?’

पुढें स्टेम्पेलनें ही लबाडी वृत्तपत्रांस सांगितली, तेव्हां हरलेल्या माणसाचा मत्सर म्हणून प्रथम कोणी तिच्यावर विश्वास ठेविला नाहीं. १९५८ सालीं दुसऱ्या एका खेळांतील स्पर्धकाची उत्तरें लिहिलेली वही सांपडली आणि चौकशीस तोंड फुटलें. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं व्हॅन डोरेन यांनीं अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें सर्व कबूल केलें. १९६० सालीं असे खेळ आधींच ठरवून ठेवणें हा कायद्यानें गुन्हा झाला. या प्रकरणावर १९९४ सालीं ‘क्विझ शो’ हा चित्रपट निघाला. त्यास सल्ला देण्याचें काम वृद्ध स्टेम्पेल यांनींच केलें, आणि त्यांची भूमिका करणाऱ्या जॉन टर्टुरो यानें तेंच चुकीचें उत्तर कपाळ टिपून पुन्हां एकदां दिलें.